वैनीच्या लॅपटॉपची खंडेनवमी

पान्यात बुडालेली मोटर जित्ती करनारा माझ्यासारखा मानूस उचगावपासनं पार मलकापूरपतुर दुसरा न्हाय. आता त्यातल्या बऱ्याच मोटरी माझा हात लागल्यावर दुसऱ्यांदा बुडवायच्या लायकीच्या बी राहत न्हाईत, ती गोष्ट येगळी.

उचगावात घराच्या म्होरल्या खोलीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान हुतं. शाळा चौथीपतुर. मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत न्हाय. पन धंद्याला शाळा लागत न्हवती. दरसाली पूर यायचा, नदीकाठच्या शेतीपंपाच्या मोटरी चिखलात जायच्या आन पावणं मंडळी, म्हंजी आमची गिऱ्हाईकं, त्या टेंपोत घालून माझ्या दारात आनून टाकायची. मी मोटर धुवायचो, उनात ठेवायचो आन मंग भट्टीत भाजायचो. भट्टी म्हंजी काय, पत्र्याचं कपाट, आत हीटर. धू, वाळव, भाज. एवढीच माझी विद्या. घरात कुनाला ताप आला तरी मला दुसरं काय सुचायचं न्हाय.

घरात आमी चौघं. मी, माझी बायको, थोरला भाऊ आन वैनी. भाऊ ट्रकवर, त्यामुळं म्हैन्यातलं निम्मं दिस घराबाहीर. वैनी शिकलेली. टायपिंग, काम्प्युटर, सगळं केल्याली. कोल्हापुरात एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचं काम करायची. तिथला मालक लई कटकट्या. पत्रिकेत एकाद्या आत्याचं नाव ऱ्हायलं तर समद्यांच्या म्होरं हिला बोलायचा. एक दिस वैनीनं नोकरी सोडली आन घरातच काम सुरू केलं. जुना लॅपटॉप घेतला, आन त्यात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर इकत घेतलं. इकत! तवा आख्ख्या कोल्हापुरात असली सॉफ्टवेअरं एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी लोनच्याच्या वाटीगत फिरायची. ही एकटी अस्सल घेऊन बसली.

"वैनी, फुकट मिळत असताना इकत का घेतलं?" मी इचारलं.

"भावजी, चोरीचं ऐन येळंला दगा देतंय. ह्यो माझा धंदा हाय."

मला ते पटलं. मनात म्हटलं, बाई हत्याराची कदर करती. आन तिथंच सगळा घोळ झाला. कारन हत्याराची कदर करायचा दिस आमच्यात ठरलेला असतोय. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिशी पक्कड, पाना, हातोडा, इळा, कोयता, घरातलं काय हत्यार आसंल ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं घालायची, नारळ फोडायचा. आन दसऱ्यापतुर त्यातल्या कशालाच हात लावायचा न्हाय.

त्या साली खंडेनवमीला वैनी सकाळीच अंबाबाईला गेलती. नवरात्रातली रांग, म्हंजी दुपारशिवाय येत न्हाय. मी हत्यारं मांडली. मांडता मांडता माझं ध्यान आतल्या टेबलाकडं गेलं. लॅपटॉप बिचारा एकटाच पडल्याला. म्हटलं, आमची पक्कड पाटावर बसनार, आन ज्याच्यावर वैनीचं पोट हाय त्यानं काय पाप केलंय? नेला उचलून.

माझी पक्कड मी रॉकेलनं धुतो. पन ह्ये बाईमानसाचं हत्यार, म्हनून साध्या पान्यानं धुतलं. धुतलं म्हंजी वल्या फडक्यानं पुसलं. फडकं पिळायचं मात्र ऱ्हायलं. पुसताना बाजूला एक काळी टोपी दिसली, अंगठ्याएवढी, भोकात खुपसल्याली. पुसायला मधी येत हुती म्हनून मी ती उपटली आन पाटावर नट-बोल्टच्या शेजारी ठिवली. तिला बी कुंकवाचं बोट लावलं. भेदभाव नको.

मंग लॅपटॉप उघडून ठिवला, बटनांवर झेंडूची फुलं वाहिली, आन तिथंच शेजारी दगडावर नारळ आपटला. नारळ लई पान्याचा निघाला.

"आवो, पानी उडालं त्येच्यावर!" बायको वराडली.

"उडू दे. तीर्थ हाय."

दुपारी वैनी आली. हातात प्रसाद, चेहऱ्यावर समाधान. टेबल मोकळं बघून बाहीर आली, पाटाकडं बघितलं आन तिच्या हातातली पिशवीच खाली आली. तिनं लॅपटॉप उचलला. बटन दाबलं. काय न्हाय. पुन्ना दाबलं. आतनं एक झेंडूची पाकळी बाहीर आली, तेवढंच.

"भावजी, ह्याला कुंकू कुनी लावलं?"

"म्या. तुमच्याच भल्यासाठनं."

"काय काय केलं, सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. फडकं सांगितलं, फुलं सांगितली, नारळ सांगितला. टोपीचं तेवढं सांगितलं न्हाय. लपवायचं म्हनून न्हवं, बरं का. बाटलीचं बूच कुनी हिशोबात धरतंय का?

वैनी रडली न्हाय. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली आन सावकाश बोलली, "भावजी, लॅपटॉप गेला तर गेला. त्यातलं सॉफ्टवेअर गेलं तर मी संपले. ज्यानं दिलं त्यो मानूस सीडी घेऊन आलता, घालून दिलं आन सीडी घेऊन गेला. त्या कंपनीला आता टाळं लागलंय, फोन बी कोन उचलत न्हाय. तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू हुत्यात. लोकांच्या पत्रिका घेऊन बसलेय मी. सगळ्या त्याच्यातच, त्याच टायपात. ह्ये सुरू झालं न्हाय, तर मला परत त्या छापखान्यात त्या मालकाच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायला लागंल. आन त्यो हसंल."

त्यो हसंल, ह्ये ऐकलं आन मी बाह्या वर सारल्या.

"मी उघडतो की आत्ता," मी म्हटलं, आन पाटाकडं वळलो. आन थांबलो.

"काय झालं?"

"वैनी, हत्यारं पूजंत बसल्यात. उद्यापतुर हलवायची न्हाईत."

"आत पानी मुरतंय की!"

"व्हय, पन पेचकस बी तिकडंच बसलाय."

माझी बायको तवा मला जे बोलली ते मी हितं लिवत न्हाय. सनासुदीचं हुतं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, पाट उचलला, फुलं-पानं बायकोनं झाडून एका पिशवीत भरली आन नदीत सोडायला म्हनून दुकानातल्या खिळ्याला अडकिवली. दुसऱ्या दिशी मी लॅपटॉप घेऊन कोल्हापुरात गेलो. वैनीला म्हटलं, तुमी ऱ्हावा, मी जातो. खरं कारन असं की नारळाचं परक्या मानसाम्होरं निघू नये.

काम्प्युटरवाला वरच्या मजल्यावर बसायचा. त्यानं झाकन उघडलं, नाक खाली नेलं.

"पावणं, ह्याला खोबऱ्याचा वास का येतोय?"

"आमच्या घरात समद्यालाच येतो," मी म्हटलं.

तेवढ्यात बटनांच्या फटीतनं एक लाल मुंगी बाहीर आली. तिच्यामागं दुसरी. काम्प्युटरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"मदरबोर्ड गेलाय," त्यानं सांगितलं. "नवीन मुंबईवरनं यील. यील तवा यील. आतली डिस्क दुसऱ्या लॅपटॉपात घालतो म्हनाल तर सुरू हुईलच असं न्हाय. सीडी हाय का सॉफ्टवेअरची?"

"न्हाय."

"मंग ह्योच जित्ता झाला तरच वाचंल. न्हाय तर इसरा."

मी लॅपटॉप उचलला. म्हटलं, पान्यात गेल्यालं जित्तं करायचं म्हंजी माझंच काम. ह्यो पोरगा उगंच वरच्या मजल्यावर बसलाय.

घरी येऊन उघडला. आयला, काय त्ये स्क्रू! मुंगीचं डोळं तरी मोठं असत्यात. माझा मोटरीचा पेचकस त्यात बसंना, शेवटी बायकोच्या शिलाई मशीनचा बारका पेचकस घेतला. स्क्रू सगळं ताटात काढलं. आतली हिरवी पाटी बाहीर काढली तर ती गुळाच्या काकवीगत चिकाट, आन मुंग्यांचं वऱ्हाड जेवायला बसल्यालं. बॅटरीत घालायचं पानी असतंय न्हवं, त्यानं पाटी धुतली. दात घासायचा ब्रश घेतला, बायकोचा, कारन माझा लई झिजला हुता. ही गोष्ट तिला ह्ये वाचूनच कळनार हाय.

वैनी दारात उभी ऱ्हाऊन बघत हुती. "धुतल्यामुळं गेलं, आन आता परत धुताय?"

"वैनी, पान्यानं गेल्यालं पान्यानंच येतंय. मोटरीचा कायदा हाय."

"ह्ये मोटर न्हाय."

"त्येला ठावं न्हाय त्ये."

मंग पाटी आन बटनांची पट्टी भट्टीत ठिवायची म्हटलं. त्याच येळंला भट्टीत एक मोटर हुती, मलकापूरकडच्या एका पावण्याची. ह्यो पावणा दोन दिस झालं माझ्या डोक्यावर बसलता. नदीकाठी पंप, ऊस वाळाय लागल्याला, मोटर घेतल्याशिवाय जानार न्हाय म्हनून दुकानातल्या बाकड्यावरच मुक्काम.

मी हिरवी पाटी भट्टीच्या डोक्यावर ठिवली, तिथं नुसती ऊब लागती. बटनांची पट्टी आत खालच्या फळीवर सारली. हीटर बारीक केला.

"आवो, बारीक का केलं?" पावणा उठला. "माझी मोटर हाय आत."

"ह्ये बी वाळवायचंय की."

"त्ये काय हाय?"

"काम्प्युटर."

"काम्प्युटरला ऊस हाय का? वाढवा की आच!"

गिऱ्हाईक म्हंजी देव. वाढिवली. आन आमी दोघं चा प्यायला गेलो. चा पीत मी त्याला लॅपटॉप आतनं कसा असतो ते समजावून सांगितलं. त्याला पटलं, कारन त्याला बी काय म्हाईत न्हवतं. येऊन बघतो तर बटनांची पट्टी वाळत घातल्याल्या पापडागत वाकल्याली. काय बटनं एकमेकाच्या गळ्यात पडल्याली, काय मान टाकून बसल्याली. पाटी मात्र वर हुती म्हनून झक्क कोरडी.

पावण्याला घालवायची मला लई घाई झालती. त्याची मोटर बाहीर काढली, भराभरा जोडली, टेंपोत घातली. निघताना बायको म्हनाली, "त्या पुलावरनंच जानार न्हवं तुमी? येवढं निर्माल्य नदीत सोडा." आन खिळ्यावरची पिशवी त्याच्या हातात दिली. पावणा गेला. मी परत पाटीकडं वळलो.

लॅपटॉप जोडला. मूठभर स्क्रू उरलं. मोटरीत स्क्रू उरला की मी तो डब्यात टाकतो आन म्हनतो, कंपनीनंच जादा दिला हुता. इथं बी तेच म्हटलं. वायर लावली. बटन दाबलं.

दिवा लागला.

खरं सांगतो, माझ्या लग्नाच्या वरातीत बी मी एवढा नाचलो न्हाय. आतनं पंख्याचा आवाज आला, पडद्यावर उजेड आला. मी रस्त्यावर पळालो. समोरच्या किरानावाल्याला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, एका सायकलवाल्याला थांबवून सांगितलं, त्यो कोन हुता ह्ये मला अजून ठावं न्हाय. पेढं आनलं. "कोल्हापुरातल्या काम्प्युटरवाल्यानं हात टेकलं," मी सगळ्यांना सांगत सुटलो, "आन उचगावच्या भट्टीनं करून दावलं! नाद न्हाय करायचा!"

तवर वैनीनं शेजारच्यांचा एक जादाचा कीबोर्ड आनून जोडला. सॉफ्टवेअरच्या चित्रावर टिचकी मारली. आमी सगळं माना लांब करून बघतोय, तोंडात पेढा. पडद्यावर एक बारकी चौकट आली. वैनीचा चेहरा उतरला.

"लॉक सापडत न्हाय म्हनतंय."

"कसलं लॉक?"

"ह्या बाजूला लावल्यालं असतंय भावजी. काळं, अंगठ्याएवढं. त्ये लावल्याशिवाय ह्ये सॉफ्टवेअर उघडतच न्हाय. अस्सल असल्याची खूणच ती. मला वाटलं तुमी काढून ताटात ठिवलंय, त्या स्क्रूंच्यात."

माझ्या तोंडातला पेढा आत बी जाईना आन बाहीर बी येईना.

"ती टोपी व्हय?" मी म्हटलं.

"कुठं हाय?"

मी पाटाची जागा बघितली. मंग खिळा बघितला. खिळा मोकळा. बायकोनं बी खिळाच बघितला आन कपाळावर हात मारला. फुलांबरोबर झाडून भरल्याली. वैनीच्या धंद्याची किल्ली कुंकू लावून मी नदीला धाडली हुती.

वैनी उठली, आत गेली. कपाटातनं छापखान्यात जायची ती जुनी पर्स काढली आन फडक्यानं झटकून टेबलावर ठिवली. त्या पर्सनं मला जेवढं मारलं तेवढं आजवर कुनी मारलं न्हाय.

मी फटफटी काढली. पावण्याचा फोन नंबर न्हवता. माझ्याकडं त्याची वळख म्हंजी 'मलकापूरचं पावणं' एवढीच, आन मलकापूरला सगळं पावणंच राहत्यात. मी सरळ पंचगंगेच्या घाटावर गेलो, पँट गुडघ्यापतुर वर घेतली आन पान्यात शिरलो. दसरा नुकताच झाल्याला, काठाला निर्माल्याचा ढीग. एकेक पिशवी उघडून बघायला लागलो. फुलं, पानं, नारळाच्या शेंड्या, एका पिशवीत देवाचा फुटका फोटो.

मागनं एक म्हातारी वराडली, "आरं मुडद्या, देवाला घातल्यालं चोरतोस व्हय?"

"न्हाय आज्जी, आमचं लॉक शोधतोय."

"घराचं लॉक नदीत शोधतोय! दिवसाढवळ्याच घेतलीस व्हय रं?"

दोन-चार मानसं जमली. एकानं माझी बाजू घेतली, म्हनला, "सोडा आज्जी, डोक्यावर परिनाम झाल्याला दिसतोय." मी त्याला नमस्कार केला आन भिजल्यालाच घरला आलो.

दुसऱ्या दिशी सकाळी वैनी साडी नेसून तयार झाली. पर्स खांद्याला अडकिवली. छापखान्यात निघाली हुती. मी दाराच्या आड उभा. "वैनी, मी येतो संगट, मालकाला मी सांगतो," असं म्हननार हुतो, तेवढ्यात दारात टेंपो येऊन थांबला. वरनं त्यो मलकापूरचा पावणा उतरला. तोंड लालबुंद.

"कुठं हाय त्यो मोटरवाला?"

मी आजून आत सरकलो. पन बायकोनं बोट केलं. संसार असतो त्यो असा.

"काय केलंय तुमी मोटरीला? रातभर नदीवर उभा हाय. बटन दाबलं की गुरगुरती, हलतच न्हाय! ऊस वाळला माझा! तुमच्या त्या काम्प्युटरच्या नादात माझी मोटर कच्ची काढली!"

"पावणं, बसा, पानी प्या..."

"पानी? पान्यासाठनंच तर मोटर आनलीया! आन ह्ये बी घ्या तुमचं!" त्यानं टेंपोत हात घातला आन एक पिशवी माझ्या छाताडावर फेकली. "पुलावर लई गर्दी हुती, थांबता आलं न्हाय. म्हटलं आमच्याच नदीत सोडू, मोटर सुरू झाली की नारळ फोडू आन सोडू. मोटरच सुरू न्हाय, मंग तुमचं निर्माल्य काय म्हनून सोडू? न्या, तुमचं तुमी बुडवा!"

पिशवी फुटली. वाळल्याली झेंडूची फुलं, आपट्याची पानं खाली पडली. आन त्यात एक काळी टोपी, कपाळाला कुंकू लावल्याली.

मी पावण्याला मिठीच मारली. त्यो मला ढकलायला लागला. "आवो, मोटर बिघडलीया माझी!"

"लई बेस झालं!" मी म्हटलं. "लई बेस झालं पावणं!"

त्यो मला मारनारच हुता. पन वैनी मधी आली, खाली बसली, फुलांतनं ती टोपी उचलली. पर्स खांद्यावरनं काढली आन बायकोच्या हातात दिली. आमी सगळं तिच्यामागं आत गेलो, पावणा बी, काय चाललंय ह्ये बघायला. पडद्यावर ती चौकट तशीच हुती. वैनीनं टोपी भोकाजवळ नेली, तर कडंला कुंकू चिकटल्यालं.

"थांबा वैनी," मी म्हटलं आन हात फुडं केला. "द्या इकडं, जरा धुवून देतो."

"नको!" वैनी आन बायको एकदमच वराडल्या. पावणा दचकून माझ्यापासनं लांब झाला.

वैनीनं पदरानं टोपी पुसली, फुंकर मारली, लावली. टिचकी मारली. आन सॉफ्टवेअर उघडलं. तिच्या सगळ्या पत्रिका तिथंच हुत्या, जशाच्या तशा, मामा-काका-आत्यांच्या नावांसकट. वैनीनं दोन्ही हात तोंडावर ठिवलं आन पैल्यांदाच रडली.

मला आपलं वाटलं, आता माझं काय तरी निघंल. म्हनून मी हळूच म्हटलं, "बघा वैनी. पाटी माझ्या भट्टीतच वाळली का न्हाय? आन पावण्याची मोटर मी चांगली केली असती, तर ही टोपी आज कुठल्या कुठं वाहत गेली असती. म्हंजी शेवटी काय, समद्याला हात माझाच लागला."

वैनीनं डोळं पुसलं. माझ्याकडं वळून बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं.

"भावजी," ती म्हनाली, "हितनं फुडं धुवायचीच हौस आली, तर तुमचं हात धुवा, आन खिशात घालून बसा."